मियाजिमाला यायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न, भरती-ओहोटीसकट

मी हिरोशिमात राहते. भारतातून जपान बघायला येणारे नातेवाईक, त्यांचे शेजारी आणि शेजाऱ्यांचे साडू मला मियाजिमाबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात. दर वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच टाइप करून कंटाळा आला, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय.

मियाजिमा आणि इत्सुकुशिमा ही दोन बेटं आहेत का?

नाही, एकच. कागदोपत्री नाव इत्सुकुशिमा, बोलण्यात मियाजिमा, म्हणजे देवळाचं बेट. हिरोशिमा शहराच्या नैर्ऋत्येला सेतो अंतर्गत समुद्रात आहे, घेर साधारण ३० किलोमीटर, कारभार हात्सुकाइची शहराकडे. देवळाचं नाव मात्र इत्सुकुशिमाच. स्टेशनवर पाटी शोधताना ‘मियाजिमागुची’ शोधा.

अर्ध्या दिवसात होतं का?

होतं. पण मला विचारून करू नका.

बहुतेक टूरवाले सकाळी अकराला माणसं उतरवतात आणि तीनला उचलतात. त्या चार तासांत बेटावर जत्रा असते. वर्षाला चाळीस लाखांहून जास्त माणसं इथे येतात आणि त्यातली जवळपास सगळी दुपारीच. संध्याकाळी पाचला दुकानं बंद व्हायला लागतात, सहापर्यंत मुख्य गल्ली रिकामी होते आणि मग खरं बेट सुरू होतं. दगडी दिवे लागतात, हरणं रस्त्याच्या मधोमध बसकण मारतात, तोरीवर, म्हणजे पाण्यातल्या लाल कमानीवर, रात्री अकरापर्यंत प्रकाश सोडलेला असतो. एक रात्र राहाच. र्‍योकान म्हणजे जपानी पद्धतीची खानावळ-मुक्काम. तो महाग पडतो, पण त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता बहुधा धरलेला असतो. तो घ्यावा, कारण रात्री बाहेर जेवायला फारच थोडी ठिकाणं उघडी असतात.

ती पाण्यातली लाल कमान पाण्यात कधी दिसते? आम्ही गेलो तेव्हा चिखलात उभी होती.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो लोक परत गेल्यावर विचारतात.

कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागू नये. भरती-ओहोटी आहे हो! सहा तासांनी पाणी चढतं, सहा तासांनी उतरतं, आणि दर दिवशी वेळ साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. सेतो समुद्र अरुंद असल्यामुळे इथे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत जवळजवळ चार मीटरचा फरक पडतो. म्हणजे एका मजल्याहून जास्त.

इथला ठोकताळा असा: पाण्याची पातळी २५० सेंटिमीटरच्या वर गेली की तोरी आणि देऊळ तरंगल्यासारखे दिसतात. १०० सेंटिमीटरच्या खाली उतरली की चालत तोरीच्या खांबांपर्यंत जाता येतं. मधल्या वेळेत ना धड हे, ना धड ते. दिवसागणिक भरतीचं कोष्टक आधीच छापलेलं असतं आणि इंटरनेटवरही मिळतं. ट्रेनचं तिकीट काढायच्या आधी ते बघा. शक्यतो असा दिवस निवडा की उजेडातच एकदा भरती आणि एकदा ओहोटी मिळेल. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे दोन्ही ठसठशीत दिसतात. अष्टमीच्या भांगाला पाणी आळशी असतं, पुरतं चढतही नाही आणि पुरतं उतरतही नाही. कालनिर्णय बॅगेत असेल तर तेवढंही काम भागतं.

आणि ओहोटीला नाक मुरडू नका. वाळूतून चालत जाऊन खांबाला हात लावला की कळतं की फोटोत दिसते ती नाजूक कमान प्रत्यक्षात किती अवाढव्य आहे. खांबाच्या खालच्या भागाला शिंपल्यांचे खरखरीत थर चिकटलेले असतात, लाकडाच्या शिरा बोटाला लागतात, पायाखाली ओली वाळू चुबुकचुबुक वाजते. जुने बूट घाला. लाकडाच्या भेगांत नाणी खुपसू नका. नवसाच्या नादात लोकांनी तसं केलंय आणि त्याने लाकूड खराब होतं.

ती पडत कशी नाही? पाया किती खोल आहे?

पुरलेलीच नाही! स्वतःच्या वजनावर उभी आहे. उंची १६.६ मीटर, वजन ६० टनांच्या घरात. दोन मुख्य खांब कापराच्या झाडाचे, एकेकाचा घेर जवळजवळ १० मीटर. त्यांना आधार द्यायला चार छोटे पाय आहेत. वरची आडवी तुळई आतून पोकळ पेटीसारखी आहे आणि तिच्यात मुठीएवढे दगड भरलेत, म्हणजे वजन वरून दाबून धरतं. खाली वाळूत खुंटे ठोकून जमीन घट्ट केलेली आहे, त्यावर खांब नुसते टेकवलेत.

आजची तोरी १८७५ सालची. जून २०१९ ते डिसेंबर २०२२ तिची डागडुजी चालली होती. त्या काळात आलेल्यांनी पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी बघितलं आणि मलाच बोल लावले. वरच्या तुळईच्या टोकांकडे नीट बघा: पूर्वेला सूर्य, पश्चिमेला चंद्र आहे.

‘तोरी’ आणि आपलं ‘तोरण’ यांचं नातं काहीजण जोडतात. त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण सांची बघून आलेल्या माणसाच्या मनात ते आल्यावाचून राहत नाही.

पोहोचायचं कसं?

ओसाकाहून शिनकान्सेन बुलेट ट्रेनने हिरोशिमा दीड तासाच्या आत, टोकियोहून चार तास. हिरोशिमा स्टेशनवरून जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची, सान्यो लाइन पकडा, अर्ध्या तासात मियाजिमागुची. ट्रामही जाते, पण एक तासाहून जास्त घेते. शहर बघत जायचं असेल तरच. स्टेशनसमोरून धक्का पाच मिनिटांवर. फेरीबोट दहा मिनिटांत बेटावर. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गेला असाल तर तोच अनुभव, फक्त इथे कोणी भेळ विकत नाही. भाडं एका बाजूचं २०० येन, आणि ऑक्टोबर २०२३पासून त्यावर १०० येनचा पर्यटक कर.

दोन कंपन्यांच्या बोटी शेजारशेजारून सुटतात. दिवसा जेआरची घ्या, कारण बेटाकडे जाताना ती तोरीच्या जवळून वळसा घेते. जाताना उजव्या बाजूला उभे राहा. सगळे राहतात, म्हणून आधीच जाऊन उभे राहा.

जेआर पास काढावा का?

फक्त ओसाका-हिरोशिमा-परत करणार असाल तर संपूर्ण जपानचा पास परवडत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला. कन्साई ते हिरोशिमा भागाचा वेगळा पास मिळतो, तो बघा. पासावर जेआरची फेरी फुकट, १०० येनचा कर मात्र द्यावाच लागतो.

देऊळ पाण्यातच का बांधलं? जमीन नव्हती का?

जमीन होती, पण जमीनच देव होती. अख्खं बेट पवित्र मानलं जायचं, त्यावर खांब रोवायचे कसे? म्हणून भरतीच्या रेषेत, ना जमीन ना समुद्र अशा जागी देऊळ उभारलं. भाविक होडीने येऊन तोरीखालून आत जायचे.

परंपरेप्रमाणे स्थापना ५९३ सालची. पण आजचं रूप दिलं ते ताइरा नो कियोमोरी या सरदाराने, ११६८च्या सुमारास. त्याच्या घराण्याने ११६४मध्ये देवळाला सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्राच्या सजवलेल्या गुंडाळ्या अर्पण केल्या. ३३ गुंडाळ्यांचा तो संच आज राष्ट्रीय ठेवा आहे. पुढे ११८५मध्ये ताइरा घराणं समुद्रावरच्याच लढाईत बुडालं. देऊळ राहिलं.

बेटाची पवित्रता इतकी कडक होती की इथे जन्म आणि मरण दोन्ही वर्ज्य. दिवस भरत आलेल्या बायकांना आणि अखेरच्या आजारातल्या माणसांना पलीकडच्या किनाऱ्यावर नेत. आजही बेटावर स्मशान नाही. १५५५मध्ये इथेच मोरी मोतोनारी या सरदाराने मोठी लढाई जिंकली. सांगतात की नंतर त्याने रक्त लागलेली माती खरवडून काढायला आणि देवळाच्या फळ्या बदलायला लावल्या. विटाळ फेडण्याचा हिशेब आपल्याकडच्यासारखाच.

देवी कोण? कोणीतरी सांगितलं की सरस्वती आहे.

थोडं बरोबर आहे, आणि मला या बेटावर सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

मुख्य देवळात समुद्राच्या तीन शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवता आहेत, तिघी बहिणी. त्यांपैकी इचिकिशिमाहिमे हिला जुन्या काळी बेंझाइतेनशी एकरूप मानायचे. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीन, चीनमधून जपान असा तिचा प्रवास झाला. हातातली वीणा वाटेत ‘बिवा’ हे जपानी तंतुवाद्य झाली. नदीची देवी होती, इथे पाण्याची, संगीताची आणि नशिबाचीही झाली.

१८६८नंतर सरकारने शिंतो आणि बौद्ध वेगळे करायचा हुकूम काढला, तेव्हा बेंझाइतेनची मूर्ती शेजारच्या दाइगान्जी मठात गेली. देवळातून बाहेर पडायच्या वाटेजवळच हा मठ आहे, आणि दहातले नऊ पर्यटक समोरून निघून जातात. एनोशिमा आणि चिकुबुशिमा यांच्याबरोबर ही जपानमधल्या तीन मोठ्या बेंझाइतेनपैकी एक. मूर्ती एरवी बंद असते, दर्शन वर्षातून एकदा १७ जूनला. माझी आई आली होती तेव्हा बंद दारासमोरच तिने ‘या कुन्देन्दु’ म्हटलं. झाडणाऱ्या बाईंनी केरसुणी थांबवली, ऐकून घेतलं आणि वाकून नमस्कार केला.

देवळात आत काय बघायचं?

सकाळी साडेसहाला उघडतं, तिकीट ३०० येन. साडेसहालाच जा. आत बघायचं म्हणजे शेंदरी खांबांचे लांबच लांब ओसरीसारखे मार्ग. त्यांच्या फळ्यांकडे बघा, दोन फळ्यांमध्ये मुद्दाम फट ठेवलीय. उधाणाचं पाणी खालून दाबायला लागलं की त्या फटींतून वर येऊन निघून जातं, फरशी उचकटत नाही. तरीही २००४च्या वादळात बरंच मोडलं होतं. समुद्राकडे तोंड केलेल्या टोकावर फोटोची रांग लागते. अर्धा तास उभं राहण्यात अर्थ नाही, सकाळी रांग नसते. समुद्रावरचा ‘नो’ या जुन्या जपानी नाट्यप्रकाराचा रंगमंच १६८०चा आहे. भरती असताना पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब बघा.

मिसेन डोंगरावर रोपवेने जावं की चालत?

मिसेन ५३५ मीटर उंच. नाव ‘शुमिसेन’वरून आलं असं म्हणतात, म्हणजे आपला सुमेरू. चढायला तीन वाटा आहेत, दीड ते दोन तास लागतात. त्यातली दाइशोइन मठाकडची वाट बहुतेक दगडी पायऱ्यांची आहे आणि दृश्यं तिच्यावरच चांगली. माझा सल्ला: वर रोपवेने, खाली दाइशोइनने.

दोन गैरसमज मात्र काढून टाका. एक, रोपवे शिखरापर्यंत जात नाही. आधी छोट्या पाळण्यांची, मग मोठ्या डब्याची अशा दोन टप्प्यांत तो शिशिइवाला सोडतो. तिथून शिखर आणखी अर्धा तास चालत, आधी उतरून मग चढून. दोन, शेवटचा डबा लवकर असतो, दुपार टळली की घड्याळ बघत राहा. मावशी आली तेव्हा मी इथली माहीतगार म्हणून मोठ्या तोऱ्यात ‘अगं भरपूर वेळ आहे’ म्हटलं. परत आलो तर फाटक बंद. मग दाइशोइनच्या पायऱ्या, मोबाइलच्या उजेडात, मावशी प्रत्येक वळणावर रामरक्षा म्हणतेय आणि मध्येच माझ्या आईला फोन लावून माझी तक्रार करतेय. खाली पोहोचल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

येताजाताचं रोपवेचं भाडं २००० येनच्या आसपास, म्हणजे स्वस्त नाही. वारा असला की बंदही ठेवतात. पण शिखरावरचे घरांएवढे गोल खडक आणि खाली पसरलेली बेटं बघितली की पैशांचं वाईट वाटत नाही.

वरच्या अखंड ज्योतीचं काय?

शिंगोन या बौद्ध पंथाचा संस्थापक कोबो दाइशी याने ८०६मध्ये इथे साधना केली आणि तेव्हा पेटवलेला अग्नी आजवर विझू दिलेला नाही, अशी श्रद्धा आहे. हिरोशिमाच्या शांती उद्यानातली १९६४ची शांतिज्योत पेटवताना इथलाही अग्नी नेला होता. मे २०२५मध्ये ज्योतीचा मंडप आगीत जळून गेला. ज्योत मात्र वाचवली.

दाइशोइन बघण्यासारखं आहे?

वेळ कमी असेल तर डोंगर सोडा, हे सोडू नका. मिसेनच्या पायथ्याशी शिंगोन मठ आहे. पायऱ्यांच्या कठड्यावर ओळीने धातूची फिरती चक्रं आहेत, त्यांवर महाप्रज्ञापारमिता सूत्र कोरलंय. चढता चढता हाताने फिरवत जायचं, म्हणजे सूत्र वाचल्याचं पुण्य. अनेक ठिकाणी सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं दिसतात. देवनागरी येणाऱ्याला एखादं अक्षर ओळखल्यासारखं वाटतं आणि मग तिथून हलवत नाही. अवलोकितेश्वर इथे कान्नोन, अचलनाथ इथे फुदो. पाचशे अर्हतांच्या छोट्या दगडी मूर्ती आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर विणलेली लोकरी टोपी आणि चेहरा वेगळा. एक जांभई देणारा शोधा.

विस्तवावरून चालायचा विधी इथे १५ एप्रिल आणि १५ नोव्हेंबरला होतो.

टेकडीवरचा मोठा लाकडी मंडप आणि पॅगोडा?

मंडप म्हणजे सेन्जोकाकु, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७मध्ये बांधायला घेतला. तो मेला, काम अर्धवट राहिलं, ते तसंच आहे. छताला आतून फळ्या नाहीत, भिंती नाहीत, नुसता वारा. १०० येन देऊन उन्हाळ्यात इथे बसणं हा बेटावरचा सगळ्यात स्वस्त आणि चांगला सौदा. शेजारचा पाचमजली पॅगोडा १४०७चा.

हरणांना खायला घालायचं का?

नाही. नारा शहरात हरणांसाठी बिस्किटं विकतात, इथे विकत नाहीत आणि काही घालू नका असं सांगतात. पण त्यांना हे पटलेलं नाही. माझ्या भावाच्या मागच्या खिशातला नकाशा एका हरिणीने शांतपणे ओढून घेतला आणि त्याच्याकडे बघत बघत खाल्ला. तिकीट, पास, पासपोर्ट बॅगेत आणि बॅगेची चेन लावलेली.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण थोडे वैतागाल. उडोन नूडल्सच्या आणि सूपच्या पाण्यात माशाचा अर्क असतो, ‘फक्त भाजी’ म्हटलं तरी असतो. समुद्री शेवाळ किंवा उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेले भाताचे त्रिकोण चालतात. मोमिजी मान्जू म्हणजे मेपलच्या पानाच्या आकाराचा, आत गोड लाल चवळीसारख्या दाण्यांचं पुरण भरलेला केक. १९०६च्या सुमारास इथेच सुरू झाला. पिठात अंडं असतं, हे न खाणाऱ्यांनी लक्षात घ्या. पुरणपोळीवर वाढलेल्यांना तो लगेच आवडतो. काडीला लावून तळलेला गरम मिळतो, तो खा. र्‍योकानला बुकिंग करतानाच मांस, मासे आणि माशाचा अर्क नको असं लेखी कळवा, आयत्या वेळी सांगून काही होत नाही. बाकी चिवडा आणि दशम्या सोबत असू द्या.

आणि मासे खाणाऱ्यांनी?

मजा आहे. फेरीतून तुम्हाला पाण्यावर तराफ्यांच्या रांगा दिसतील, ती कालवांची शेती. जपानमधली निम्म्याहून जास्त शेतातली कालवं हिरोशिमाची. गल्लीत जाळीवर भाजून लिंबू पिळून देतात, हिवाळ्यात सर्वात भरलेली असतात. दुसरं, आनागो-मेशी: भाजलेली वाम भातावर पसरलेली. मी मालवणी कालवणावर वाढलेय, तरी या भातापुढे वाद घालत नाही.

आठवण म्हणून काय घ्यावं?

भात वाढायची लाकडी पळी, शामोजी. साधारण १८००च्या सुमारास सेइशिन नावाच्या भिक्षूने बेंझाइतेनच्या बिवाच्या आकारावरून ती घडवून लोकांना शिकवली, असं सांगतात. जपानीत ‘भात उचलणे’ आणि ‘शत्रूला पकडणे’ यांचा उच्चार एकच, म्हणून लढाईवर जाणारे शिपाई ती देवळात वाहायचे. मुख्य गल्लीत ७.७ मीटर लांबीची एक ठेवलीय. आपण घ्यायची ती छोटी: हलकी आहे, रोज वापरात येते आणि सासूबाईंना देता येते.

कोणत्या महिन्यात?

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा मेपलच्या लाल पानांचा, मोमिजीदानी या मेपलच्या दरीत डोळे निवतात आणि गर्दीने जीव जातो. एप्रिलचा आरंभ चेरीचा. जूनमध्ये पाऊस, ऑगस्टमध्ये मुंबईचा मे महिना, सप्टेंबरात वादळं. मला जानेवारी-फेब्रुवारी आवडतो: थंडी, स्वच्छ हवा, रिकामी फेरी, कालवं.

आईबाबांचे गुडघे दुखतात.

धक्क्यापासून देवळापर्यंतचा किनारा सपाट, पंधरा मिनिटांचा. देवळात पायऱ्या जवळजवळ नाहीत. रोपवेने शिशिइवापर्यंत न्या, पण रोपवेच्या स्थानकापर्यंत चढ आहे आणि आत पायऱ्याही आहेत, सावकाश घ्या. वरच्या गच्चीवरून समुद्र भरपूर दिसतो, शिखराचा हट्ट नको.

हिरोशिमाचं संग्रहालय आणि मियाजिमा एकाच दिवशी?

नको. अणुबॉम्बचा घुमट आणि हे देऊळ, दोन्ही १९९६मध्येच जागतिक वारसा यादीत आले, म्हणून टूरवाले जोडून देतात. संग्रहालयातून बाहेर पडल्यावर माणसाला थोडा वेळ काहीच नको असतं, मान्जू तर मुळीच नको. पहिल्या दिवशी संग्रहालय सकाळी बघा, नदीकाठी बसा, संध्याकाळी फेरी पकडून बेटावर मुक्कामाला जा. फेऱ्या रात्री दहाच्या सुमारापर्यंत असतात. मात्र रात्रीचं जेवण हवं असेल तर र्‍योकानच्या वेळेआधी पोहोचा. जेवणाला उशीर केलेला त्यांना खपत नाही, आणि मला फोन करून काही उपयोग होत नाही.